पपईवरचा आळ

२०२३ च्या जूनमध्ये, आषाढीच्या आदल्या दिवशी, मी ऑफिसमध्ये दोन सँडविच खाल्ली. पाचवा महिना चालू होता. एका सहकाऱ्याचा निरोपसमारंभ होता आणि लोअर परळच्या आमच्या ऑफिसात एसी असा लावतात की बारा महिने शाल लागते. सकाळपासून पोटात कावळे ओरडत होते. सँडविच थंडगार, आत बारीक चिरलेला कोबी, गाजर आणि पांढरं मेयोनीज. पहिलं उभ्याउभ्या संपवलं, दुसरं बसून, चवीने.

संध्याकाळी करी रोडला गाडी पकडली. पोट अजून लोकांनी आपणहून उठून जागा द्यावी एवढं दिसत नव्हतं, म्हणून दाराजवळच उभी राहिले आणि सहज मोबाइलवर बघितलं, की गरोदरपणात असं कोबीचं सॅलड चालतं का. भांडुप येईपर्यंत लिस्टेरिया हा शब्द मला तोंडपाठ झाला होता.

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांचा मला हेवा वाटतो, पण सांगायला हवं. हा एक जिवाणू आहे. बाकीचे बहुतेक जंतू फ्रिजमध्ये गपगार पडून राहतात, हा मात्र चार अंशांवरही सावकाश वाढत राहतो. धडधाकट माणसाला त्याचं सहसा काही होत नाही. गरोदर बाईला लागण होण्याची शक्यता इतरांच्या दसपट. तिला स्वतःला कधी नुसती कणकण येऊन जाते, पोटातलं बाळ मात्र दगावू शकतं. हा जंतू अन्नातून पसरतो हे पहिल्यांदा पक्कं कळलं ते १९८१ साली, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, आणि कशातून? तर कोबीच्याच सॅलडमधून. कोबीच्या शेतात मेंढ्यांचं खत घातलं होतं, त्या कळपातल्या मेंढ्या याच रोगाने मेल्या होत्या, आणि कोबी हिवाळाभर थंड कोठारात पडून होता. ४१ जणांना लागण झाली, त्यातली ३४ प्रकरणं गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांची. मी हे वाचत होते आणि माझ्या कानाशी एक पोरगी ‘दस का चार, दस का चार’ म्हणत केसांच्या क्लिपा विकत होती. मी चार घेतल्या. का घेतल्या माहीत नाही.

पण माझी झोप उडवली ती पुढच्या ओळीने. खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत ७० दिवसही लागू शकतात.

घरी आल्यावर कालनिर्णय उतरवलं आणि मोजलं. ७० वा दिवस ६ सप्टेंबरला येत होता, गोकुळाष्टमीला. त्या वर्षी श्रावण अधिक होता, म्हणजे अख्खा अधिक श्रावण ओलांडून पलीकडे, निज श्रावणात. मी पेन्सिलीने २८ जूनच्या चौकोनात एक बारीक ठिपका दिला. नवऱ्याने विचारलं, काय गं हे? म्हटलं, दुधाचा हिशोब.

तोवर माझ्याकडे तीन याद्या जमल्या होत्या. पहिली सासूबाईंची: पपई नको, अननस नको, तीळ नकोत, बाजरी बेताने, फणस तर नकोच नको, उष्ण पडतो. दुसरी ऑफिसातल्या मैत्रिणीची, ती नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून आलेली: कॉफी दोन कपांवर नको, अजिनोमोटो नको, पपई नको, फ्रँकी नको. तिसरी इंटरनेटवरची. ती कुठल्या तरी थंड देशातल्या बाईसाठी केलेली होती हे उघड होतं. ब्री आणि कॅमेम्बेर हे चीज बंद करा, असं तिच्यात ठळक अक्षरांत होतं. मी ते जन्मात चाखलं नव्हतं, त्यामुळे ते सुटल्याचं दुःखही करता येईना. सुशी बंद. हरणाचं मांस नीट शिजवा. बरं. पाण्याविषयी त्या यादीत एक अक्षर नव्हतं. ज्यांच्याकडे नळाला तोंड लावून पाणी पितात त्यांनी ती केलेली, त्यांना सुचावं तरी कशाला? पण हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. तेव्हा मी तिन्ही याद्या शेजारी ठेवून बघत होते आणि तिन्हींत सामाईक अशी एकच गोष्ट होती: पपई.

पपईची भीती अगदीच हवेतली नाही, हेही मी वाचून घेतलं. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाला कळा येतात, हे प्रयोगात दिसलेलं आहे. २००२ सालच्या त्याच अभ्यासात पिकलेल्या पपईने काही झालं नव्हतं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “उंदरांचं उंदरांना विचारा. आपल्याकडे नाही खात.” विषय संपला.

याद्या भाषांतरात कशा घसरतात याचा एक नमुना सांगते. मे महिन्यात, मासेमारी बंद व्हायच्या आधी, मी बाजारात आमच्या नेहमीच्या कोळणीकडे गेले. यादीत होतं की किंग मॅकरेल खाऊ नका, त्यात पारा असतो. आता मॅकरेल म्हणजे बांगडा हे मला शाळेपासून माहीत. म्हणजे बांगडा बंद! माहेरी आठवड्यातून दोनदा बांगड्याचं तिखलं व्हायचं, त्यामुळे हे मला चांगलंच झोंबलं. मी दोन आठवडे बांगड्याकडे बघितलंही नाही. मग नीट वाचल्यावर कळलं की अमेरिकेतल्या त्या यादीतला मासा अटलांटिकमधला, आपल्या सुरमईचा चुलतभाऊ. बांगडा वेगळाच. लहान जीव, समुद्रातलं बारीकसारीक तरंगतं खाद्य खाऊन जगणारा, दोनचार वर्षांचं आयुष्य. पारा साठतो तो मोठ्या, पुष्कळ जगणाऱ्या, इतर मासे खाणाऱ्या माशांत. छोट्याचं मोठ्यात, मोठ्याचं आणखी मोठ्यात, असा तो चढत जातो. त्या हिशोबात यादीत सर्वांत वर शार्क. आणि शार्क म्हणजे आपली मोरी, जी कोकणात बाळंतिणीला मुद्दाम घालतात, दूध येतं म्हणून.

कोळीणमावशींना हे सगळं सांगून उपयोग नव्हता, तरी सांगितलं. त्यांनी एक बांगडा उचलला, अंगठ्याने त्याचा गलफडा उघडून माझ्या नाकासमोर धरला. आत डाळिंबाच्या दाण्यासारखं लालभडक. “पाऱ्याचं मला काय ठाऊक नाय बाय. ह्यो सकाळचा हाय, एवढं ठाऊक. काळा पडला ना, की घेऊ नको.” मग माझ्या पोटाकडे बघून दोन बांगडे फुकट टाकले. यादी करावी ती अशी, एका ओळीची आणि लाल रंगाची, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

पण सँडविचनंतर सगळं पुन्हा बिनसलं. जुलैभर मी ठिपके देत राहिले आणि ताटातून एकेक गोष्ट काढत राहिले. दही गेलं, कारण डेअरीवाला ते झाकण न ठेवता काढतो. मोड आलेले मूग गेले. वास्तविक कच्चे मोड लिंबू पिळून खाणं हे धोक्याचंच. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, आणि २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांनी पन्नासच्या वर माणसं मेली. पण मी उसळही सोडली, जिच्यात मोड चांगले रटरटून शिजतात. पालक गेला, कारण लोकलच्या खिडकीतून रुळांकडेचे हिरवेगार वाफे रोज दिसतात आणि त्यांना पाणी कुठलं मिळतं हे शेजारून वाहणारा नाला बघून कोणालाही कळतं. आमच्या भाजीवाल्याचा पालक कुठला हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, नाशिकचा. त्याच्या तोंडावरून मला तो कुर्ल्याचा वाटला. अंडं गेलं. उसाचा रस आधीच गेला होता, बर्फापायी. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करून विकायचा, असा नियम २०१८ मध्ये आला, पण रसवंतीत ग्लासात पडलेला खडा निळा की पांढरा हे हिरव्या रसात कोण बघणार?

उरलं काय? वरणभात, भाकरी, दुधीची भाजी, उकडलेला बटाटा. आजारी माणसाचं जेवण मी आजारी पडू नये म्हणून जेवत होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर तो डबा घेऊन लोकलमध्येही चढायचा.

नवरा समजावायचा. त्याचं शास्त्र एका वाक्याचं: कढईतून आलेलं खा, भांड्यातून काढून ठेवलेलं खाऊ नको. “अगं, वडा दीडशे अंशाच्या वर तळलाय, त्यात कोण वाचणार? चटणी लावू नको त्याला सांग.” आता म्हणायला हरकत नाही की तो बरोबर होता. त्याचा आवाज मात्र असा, की मी एक लहान मूल आहे आणि आणखी एक पोटात आहे. त्यामुळे मी वडाही सोडला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आलं. निदान ११ हवं असतं. डॉक्टरबाई शांत असतात, त्या दिवशी नव्हत्या. “काय खात नाही ते मला नको, काय खाता ते सांगा.” मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकू आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, देशात दर दोन गरोदर बायकांमागे एकीच्या अंगात रक्त कमी, आणि त्यातल्या बहुतेकींना खायला मिळत नाही म्हणून. तुम्हाला मिळतंय. (५२.२ टक्के, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा. घरी येऊन बघितला. मी आकडे बघतेच.) मग त्यांनी लोहाच्या गोळ्या वाढवल्या, अंडी उकडून, पालक चार पाण्यांनी धुऊन आणि शिजवून, बांगडे मिळाले तर बांगडे, असं सगळं लिहून दिलं. मी धीर करून सँडविचचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ताप आला तर लगेच या. आला का? नाही. मग झालं. उठताना सहज म्हणून मी बोलले, की आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांना कावीळ झालीय.

“बसा,” त्या म्हणाल्या.

सँडविच, चीज, पपई, पारा, यांतल्या कशालाच त्यांचा चेहरा बदलला नव्हता. आता बदलला. पाणी कुठलं पिता? फिल्टरचं. आणि दात कशाने घासता? फळं कशाने धुता? ऑफिसात कुठलं? पाहुण्यांकडे गेलात तर? उद्यापासून उकळून, खळखळून, घरचंच, बाटलीतून बरोबर. लघवी गडद झाली, मळमळ वाढली, डोळे पिवळे दिसले तर रात्री दोनलासुद्धा फोन करा.

आमच्याकडे विनोद असा, की भांडुपमध्येच मुंबईचं पाणी शुद्ध होतं. सात तलाव, आणि त्यांतल्या बहुतेकांचं पाणी भांडुप संकुलात येऊन, गाळून, क्लोरीन घालून शहरभर जातं. म्हणजे उगमाशी आम्हीच. पण तिथून निघालेलं चांगलं पाणी बिल्डिंगच्या जमिनीखालच्या टाकीत येतं, आणि मुंबईत पाणी दिवसातले ठरावीक तासच येत असल्याने उरलेला वेळ नळ रिकामे असतात. दाब नसला की फटीतून बाहेरचं आत शिरतं. हे मला टाकी उघडल्यावर प्लंबरने सांगितलं. टाकी उघडायला सेक्रेटरींच्या घरी मला तीन वेळा जावं लागलं. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या सोफ्यावर दोन्ही हात पोटावर ठेवून नुसती बसून राहिले. पोटाचा तेवढा एक उपयोग मला वेळेवर सुचला.

रविवारी सकाळी झाकण काढलं. झाकणाचा एक कोपरा तुटलेला, तिथे कोणीतरी प्लास्टिकची पिशवी कोंबलेली. पावसाचं पाणी कंपाउंडमधून वाहत येऊन तिथेच खाली उतरत होतं. आत तळाला बोटभर गाळ. मऊ, करडा, दुधावरच्या सायीसारखा एकसंध, आणि त्यावर एक कबुतराचं पीस उभंच्या उभं रुतलेलं. त्या पाण्यात मी दीड महिना डाळिंबं धुऊन खाल्ली होती. दोनदा धुऊन, सुरक्षित म्हणून.

त्या रात्री मी हेपटायटिस ई वाचलं. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. कावीळ तशी बरी होते, बहुतेक बरे झाले. गरोदर बायका मात्र मेल्या. शेवटच्या तीन महिन्यांत ज्यांना हा आजार होतो त्यांच्यातल्या शंभरात वीस-पंचवीस दगावतात. असं का, हे अजून धड उलगडलेलं नाही. तेव्हा लोकांना वाटलं, नेहमीचीच कावीळ. पुढे जपून ठेवलेली रक्तं तपासली तेव्हा कळलं की हे दुसरंच काही आहे. १९८३ साली बलायन नावाच्या एका रशियन शास्त्रज्ञाने आजारी सैनिकांच्या विष्ठेचं गाळलेलं पाणी स्वतः पिऊन, स्वतः आजारी पडून तो विषाणू दाखवला. आणि पाणी शरीरात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे लागतात, साधारण पाच-सहा.

कालनिर्णयावर त्या रात्री मी दुसरी मोजणी सुरू केली नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे, कुठल्या दिवसापासून मोजायची तेच कळेना म्हणून. सँडविचला तारीख होती. पाण्याला कुठली?

डोहाळजेवण सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी झालं, ६७ वा ठिपका. मामाबरोबर गावाहून आजी आली, आईची आई. जतकडची, पंच्याहत्तरीची, अजून ताठ. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, सगळं रीतसर. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फळांची मोठी परात सजवून आणली होती. कलिंगडाची नक्षी, द्राक्षांचे घोस आणि मध्यभागी पिकलेल्या पपईच्या केशरी फोडी, कमळासारख्या मांडलेल्या. काकू मूळच्या केरळच्या, त्यांचा हेतू चांगलाच होता. सासूबाई काही बोलायच्या आत आजी उठली. परातीतून एकेक फोड उचलून तिने पदरात घेतली. चमचा नाही, ताटली नाही. स्वच्छ नऊवारीचा पदर, त्यात पिवळं पाणी झिरपतंय, आणि आजी मान खाली घालून मोरीकडे निघालेली. गाणी थांबली होती ती कोणीतरी पुन्हा चालू केली.

रात्री ती माझ्याशेजारी निजली. दिवा मालवल्यावर म्हणाली, “धाकटी पपई खाऊनच गेली.”

धाकटी म्हणजे तिची बहीण. आजी नेहमी तेवढंच म्हणते, नाव घेत नाही. पहिल्या बाळंतपणात गेली एवढं घरात सगळ्यांना माहीत, पुढचं आईलाही माहीत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. त्र्याहत्तरचा उन्हाळा, माणसं खडी फोडायला जात, वाटपाची सुकडी आणि मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढत. विहिरी कोरड्या, ओढ्यात खड्डा काढायचा आणि झिरपेल ते वाटीने भरायचं. त्याच खड्ड्यावर गुरंही. वीस वर्षांची धाकटी आठव्या महिन्यात माहेरी आलेली, आणि तिच्या मदतीला आजी. परसात मोरीच्या पाण्यावर जगलेलं एक पपईचं झाड होतं. बाकी सगळं जळून गेलं तरी त्या झाडाला एक फळ पिकलं.

“तिला लई इच्छा झालती. खायाला काय हुतं तवा? पोटुशीची इच्छा मोडू नये म्हंत्यात. आई नको म्हणत हुती. मी आईची नजर चुकवून कापली. दोन फोडी दिल्या. शुक्रवारी दिल्या, आन् फुडच्या शुक्रवारी डोळं हळदीगत.”

चार दिवसांत ती गेली. पोटातलंही गेलं.

डोहाळे हा शब्दच जुन्या दौहृदावरून आलेला, दोन हृदयं असलेली ती. तिच्या इच्छा पुरवाव्यात, नाहीतर गर्भाला अपाय होतो, असं सुश्रुतानेच लिहून ठेवलंय. आणि पपई देऊ नये हेही घराण्यातच चालत आलेलं. दोन्ही रीती आजीच्या हातात एकदम आल्या, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि घरात फळ एकच होतं.

मी अंधारात बोटांवर मोजत होते. शुक्रवार ते शुक्रवार. सात दिवस. मी विचारलं, “आजी, गावात आणखी कुणाला झाली होती का कावीळ?”

“झालती की. पाटलाच्या पोराला, कुंभाराच्या दोघांना. त्येंनी पानं बांधली, बरी झाली.”

“ते पपई खायचे?”

“त्येंला कुठली पपई?”

मी तेव्हा पुढे काही बोलले नाही. मला भीती वाटली. पन्नास वर्षं एका बाईने एक गोष्ट उराशी धरलेली, ती आपण इंटरनेटवर वाचलेल्या दोन परिच्छेदांच्या जोरावर हलवायची का? रक्त कोणी तपासलं नव्हतं. तपासलं असतं तरी १९७३ साली त्या आजाराला नावही नव्हतं. पण सात दिवसांचा हिशोब काही केल्या बसत नव्हता, आणि खड्ड्यातल्या पाण्याचा बसत होता. आणि मला माझं सँडविच आठवत होतं. मला उद्या काही झालं असतं तर मी आणि घरातल्या सगळ्यांनी त्या सँडविचलाच धरलं असतं. टाकीकडे कोणी बघितलंही नसतं, कारण पाणी सगळेच पीत होते. खाल्लेल्या घासाची तारीख लक्षात राहते, चोरून दिलेल्या घासाची तर जन्मभर.

सकाळी नळाला पाणी आलं. मी टोपात भरून गॅसवर ठेवलं आणि आजीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. पाण्याला बारीक बुडबुडे येऊन ते चांगलं खळखळेपर्यंत मी तिला सगळं सांगितलं. दिल्लीचं, आठवड्यांचं, खड्ड्याचं. पाटलाच्या पोराचं आणि धाकटीचं दुखणं बहुतेक एकच होतं, तो तगला कारण त्याच्या पोटात बाळ नव्हतं. पपई पिकलेली होती. आणि पपईने डोळे पिवळे होत नाहीत, आजी, कधीच होत नाहीत.

तिला किती कळलं मला सांगता येणार नाही. ती टोपाकडे बघत होती. मी गॅस बंद केला, ताटली झाकली. बराच वेळ कोणीच बोललं नाही, खाली कोणीतरी मोटर चालू केली तिचा आवाज येत राहिला.

मग ती म्हणाली, “म्या दुसऱ्याच दिशी कुऱ्हाडीनं तोडलं ते झाड. आजून दोन बारकी फळं हुती त्येला.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “म्हंजी झाड उगंच तोडलं म्हणायचं.”